अक्काची भुकटी

बायकोच्या उपचारांच्या काळात तिच्यासाठी आणलेली जांभळी भुकटी मी खाल्ली. सगळी. बायकोला हे माहीत होतं, तिनेच सांगितलं होतं. माहीत नव्हतं ते फक्त अक्काला, आणि भुकटी अक्काने आणलेली होती.

अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. दोघींचं शिवणकामाचं दुकान होतं. बायको कापड बेतायची, अक्का शिवायची. आई लवकर गेल्यामुळे अक्कानेच हिला वाढवलं, आणि वाढवून झाल्यावरही ती थांबली नाही.

गाठीचं निदान झालं त्याच आठवड्यात अक्का डबा घेऊन आली. डब्यावर फळांचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट'.

"रोज सकाळी दोन चमचे. याने पेशी गंजत नाहीत."

आम्ही तो डबा डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी फिरवून वाचला. म्हणाल्या, "एरवी ठीक आहे. पण आत्ता आपल्याला काही पेशी गंजवायच्याच आहेत. किरणं दिली की गाठीच्या पेशींत ऑक्सिजनचे फार जहाल कण तयार होतात. ते पेशीला आतून जाळतात. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात त्याला. उपचाराचं बरंचसं काम तोच करतो. ही भुकटी ते कण विझवू शकते, म्हणजे गाठीलाही वाचवू शकते. किती, ते नक्की कुणी सांगू शकत नाही. म्हणून नकोच."

"आणि फळं?"

"फळं खा. डब्यातलं नको."

घरी येताना बायको म्हणाली, "अक्काला सांगायचं नाही. कधीच नाही. शब्द द्या."

"अगं, पण ती आणत राहील."

"आणू दे. दुसरं काय करणार ती माझ्यासाठी?"

"आणि डबा?"

"डबा संपला पाहिजे. ती झाकण उघडून बघेल."

ती खरंच बघायची. पहिल्यांदा आम्ही भुकटी सिंकमध्ये ओतली. ती पाण्यात फुगली आणि पाइप तुंबला. मी लिफ्ट दुरुस्त करतो, नळ नाही, त्यामुळे आख्खा रविवार त्यातच गेला. मग बायकोने चमचा माझ्या हातात दिला.

चव ओल्या पुठ्ठ्याची होती, वरून आंबट. जीभ जांभळी व्हायची. एकदा लिफ्टच्या खड्ड्यात माझ्या जोडीदाराने तोंडावर बॅटरी मारली आणि विचारलं, "शाई पितोस का रे?" मी हो म्हणालो. ते सोपं पडलं.

अक्का दर वेळी बायकोकडे बघून म्हणायची, "फरक दिसतोय हं." तेव्हा बायकोला उठून बसायलाही माझा दंड धरावा लागायचा. मग अक्का माझ्याकडे वळायची. "तुम्ही मात्र छान भरलात, भाऊजी. बायको आजारी असताना माणूस असा टुणटुणीत दिसतो कसा?" बायको उशीत तोंड खुपसून हसायची. भुकटीचा तेवढा उपयोग झाला.

उपचार पूर्ण झाले. गाठ थोडी आटली, मग आटायची थांबली, मग दुसरीकडे निघाली. बायको गेली.

नंतर अक्काने दुकान चालवून बघितलं आणि बंद केलं. एका दुपारी ती घरी आली. दवाखान्यातून भाड्याने आणलेली चाकाची खुर्ची ती परत करून आली होती.

"भाऊजी, मी मारलं तिला."

मी म्हणालो, "बसा." ती बसली नाही.

"तिथे भिंतीवर लिहिलंय. उपचार चालू असताना असल्या भुकट्या विचारल्याशिवाय घेऊ नका. मी नर्सला विचारलं. तीही तेच म्हणाली. एक डबा संपला की मी दुसरा आणत होते. माझ्या हाताने." ती हातांकडे बघत होती. "आता कात्री धरवत नाही मला."

मी बायकोला शब्द दिला होता. पण शब्द दिला तेव्हा अक्का माझ्यासमोर अशी उभी नव्हती.

"तिने ती खाल्लीच नाही," मी म्हणालो.

"समजूत काढू नका."

"एक चमचाही नाही. डॉक्टरांनीच नको म्हटलं होतं."

"डबे रिकामे होत होते. मी बघत होते."

"मी खात होतो."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पटलं असावं, कारण ती बसली. मोठा श्वास सोडला. मला वाटलं, झालं. झालं नव्हतं.

"म्हणजे घेतली असती तर कदाचित वाचली असती."

"अक्का, आत्ताच म्हणालात, घेतली म्हणून गेली."

"नाही घेतली, तरी गेलीच ना? मग डॉक्टरांचं ऐकून काय मिळालं?"

हा प्रश्न माझाही विचारून झाला आहे, रिकाम्या लिफ्टमध्ये, मोठ्याने. "माहीत नाही," मी म्हणालो. "सांगितलं ते सगळं तिने केलं. तरी गेली. तुमची भुकटी मध्ये आली नाही, एवढंच मला ठाऊक आहे."

अक्का म्हणाली, "मला तोंडावर नको म्हणायला काय झालं होतं तिला?"

"तुम्ही भांडला असतात."

"भांडलेच असते! सगळे महिने मला म्हणत होती, छान आहे अक्का, छान लागते. जन्मात तिने माझं काही छान म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आजारपणाने शहाणी झाली." तिचा आवाज फाटला. "आता मी भांडू कुणाशी?"

"मी आहे."

"तुम्हाला भांडता येत नाही."

"तुम्ही सुरू करा."

तिने तळहाताने डोळे पुसले आणि सुरू केलं. आधी माझ्या लग्नातला कोट, जो मी तिच्याकडून शिवून न घेता तयार घेतला होता. मग हे घर, ज्यात तिच्या बहिणीला उजेड मिळाला नाही. मी म्हणालो, "बरोबर आहे."

"बरोबर काय बरोबर! इथे ती म्हणाली असती, अक्का, तू गप्प बस. म्हणा."

मी म्हणालो, "अक्का, तू गप्प बस."

"नाही बसणार," अक्का म्हणाली आणि खिडकीच्या पडद्यांवरून भांडायला लागली.