‘नंतर बघू’ची फाइल

मी एक बॉक्स फाइल बोलतेय. हिंजवडीजवळच्या नेऱ्यात गेणबांच्या घरी माळ्यावर, पितळी घंगाळाशेजारी माझा मुक्काम असतो. वर चढून माझी धूळ झटकायची तसदी घेऊ नका, धुळीशी माझं चांगलं जमतं. फक्त ऐका. बरीच वर्षं गप्प बसलेय, त्यामुळे एकदा सुरू झाले की मध्ये थांबायची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

जन्म पुण्याचा. शनिवार पेठेतल्या एका बाइंडरनं जाड पुठ्ठा कापला, खळ लावली, वरून मार्बल कागद चिकटवला आणि पोटात लोखंडी चाप बसवला. चाप इतका कडक, की पहिल्याच दिवशी त्यानं बाइंडरचंच बोट धरलं. तिथून आम्ही चौघी बहिणी २००१ साली बंडोपंतांच्या पिशवीत बसून मुळशीत आलो.

बंडोपंत म्हणजे पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले नोकरभरती अधिकारी. हिंजवडीत काचेच्या इमारती उठायला लागल्या, तेव्हा इथं माणसं लागणार हे त्यांनी बरोबर हेरलं. गेणबांच्या घराची माडी भाड्यानं घेऊन त्यांनी लोकांना नोकरीला लावायचं ऑफिस थाटलं. गेणबांनी जागा देताना एकच बोली केली होती, “पंत, बाकी काय बी असूंद्या. आमची सूनबाई बीकॉम झालीया. तिचं तेवढं बघा.”

“बघतो की,” पंत म्हणाले.

पंतांचं अक्षर देखणं. त्यांनी माझ्या तिघी बहिणींच्या पाठीवर लिहिलं, ‘चालू’, ‘पाठवले’, ‘लागले’. माझ्या पाठीवर लिहिलं, ‘नंतर बघू’. मला तर गुदगुल्याच झाल्या. म्हटलं, राखून ठेवलेली खास माणसं आपल्याकडेच यायची!

कसली खास आणि कसलं काय. माझ्या पोटात नेरे, मारुंजी, चांदे, नांदे अशा जवळच्या गावांचेच अर्ज येऊन पडायचे. एकदा आत गेलेला कागद पुन्हा बाहेर आला नाही. ‘लागले’ फाइल दर महिन्याला फुगायची, मी नुसतीच जड व्हायचे.

गेणबांची सून शुभांगी रोज अकराला चहा घेऊन वर यायची. कप ठेवता ठेवता विचारायची, “सर, फोन आला का हो कुटला?” पंत पेपरात डोकं घालून म्हणायचे, “नंतर बघू, शुभांगी.” तिचे तीन अर्ज माझ्याकडे होते. पहिला हातानं लिहिलेला. दुसरा टाइप केलेला. तिसऱ्यात पौडला जाऊन केलेल्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासची भर. तिन्हींवर तळाशी तिनं लाल पेनानं एक ओळ अधोरेखित केलेली, ‘घरापासून कंपनी बांधानं चालत पंचवीस मिनिटं.’ तिला वाटायचं, ही आपली सगळ्यात जमेची बाजू. पण नेमक्या त्याच ओळीमुळे ती माझ्याकडे पडून होती. आणि हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं.

२००५ च्या एप्रिलमध्ये जुईली आली. पुण्याच्या कॉलेजात पर्सोनेल मॅनेजमेंट शिकणारी, दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला. शेवटी पंतांच्या सहीचा दाखला मिळाला की हिचं वर्ष सुटणार. पंतांनी पहिला धडा दिला, “अर्ज हातात घेतला की आधी पत्ता वाचायचा, शिक्षण मागाहून.” पोरीनं वहीत लिहून घेतलं. जवळची गावं माझ्यात, लांबची ‘चालू’त. का, ते काही तिनं विचारलं नाही. नवीन माणूस सांगितलेलं ऐकतं, एवढंच.

पण ही पोर भलतीच नीटनेटकी. तिनं माझ्यातले अर्ज तारखेप्रमाणे लावले, गंजलेल्या टाचण्या काढल्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात काम कमी होतं, तर मला टेबलावर घेऊन सरळ पंतांसमोर बसली.

“सर, आता वेळ आहे. हे बघू या?”

“हे काय?”

“नंतर बघूचे. सगळ्यात जुना अर्ज चार वर्षांचा आहे. नंतर म्हणजे कधी बघायचे असतात?”

पंतांचा चहा निवून गेला. तिनं लेबलावर विश्वास ठेवला होता! मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण मीही एके काळी तेच केलं होतं.

पंत माणूस वाईट नव्हेत. हळू आवाजात म्हणाले, “सुरुवातीला मी चांद्याचा एक मुलगा लावला होता. त्याला काढून टाकलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर अख्खा गाव. तेव्हापासून कंपन्या सांगतात, पंत, जवळचं कुणी नको. मी पाठवला तर माझंच काम बंद होईल.”

“मग यांना नाही म्हणून सांगायचं ना, सर.”

“ज्या घरचा चहा पितो तिथं नाही कसं म्हणू, जुईली?”

तेवढ्यात शुभांगी कप न्यायला आली. पंत खिडकीबाहेर बघू लागले. मग जुईलीनंच तिला बसवलं आणि माझ्यातले तिन्ही अर्ज काढून सगळं सांगितलं.

शुभांगीनं त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हंजी माज्या इंग्रजीचं न्हवतं?”

“नाही, वहिनी.”

“तीन वर्सं आरशापुढं इंग्रजी बोलतीया मी. घरात समद्यांना वाटतंय हिच्यातच काय तरी खोट हाय. मला बी वाटाय लागलं व्हतं.” ती हसायला गेली आणि तिचे डोळेच भरून आले. मी फाइल आहे, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी माझा चाप काही केल्या लागेना.

जुईलीनं मार्ग काढला, “कोथरूडला माझी मावशी आहे. तिचा पत्ता घालू.”

“आन् सांजच्याला घरी जायचं कुटं? कोथरूडला?” शुभांगीनं पदरानं डोळे पुसले. “माजा पत्ता हाय त्योच ऱ्हाऊंद्या. न्हाई म्हनायचं आसंल तर त्येनी म्हनावं, माज्या तोंडावर.”

एका कंपनीला स्वागतकक्षासाठी पाच जणी हव्या होत्या, पंतांकडे चारच झाल्या होत्या. जुईलीनं पाचवी म्हणून शुभांगीच्या अर्जाची झेरॉक्स ठेवली आणि पंतांपुढे पत्र सरकवलं. सही मिळाली नाही तर आपला दाखलाही गेला, हे तिला ठाऊक होतं. पंतांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. मग शुभांगीच्या नावापुढे आपल्या देखण्या अक्षरात लिहिलं, ‘राहणार नेरे, स्थानिक’, आणि सही ठोकली. “लपवायचं नाही. उद्या कळलं तर तिच्यावर येईल.”

जुईली मुलाखतीला मलाच घेऊन गेली, स्कूटीच्या पुढ्यात उभी करून. चार वर्षांत मी पहिल्यांदा उन्हात आले. शुभांगी बांधानं चालत आमच्या आधीच पोचली होती. कंपनीच्या उषा मॅडमनी अर्ज वाचला, पंतांच्या पत्रातल्या ‘स्थानिक’वर बोट ठेवलं आणि विचारलं, “गावची जत्रा आली की रजा टाकणार?”

“टाकनार की. येक दिस. तुमी गनपतीला किती टाकता?”

जुईलीनं डोळे मिटून घेतले. मॅडम मात्र खळखळून हसल्या. “चार. आणि तुम्हाला कामावरून काढलं तर? गेटवर गाव येणार?”

“गाव कशाला येतोय? मीच येईन, का काढलं ते इचाराय. त्येवढं सांगायचं मातर. तुमी सांगतच न्हाई, म्हून लोक गेटवर येत्यात.”

मॅडम हसायच्या थांबल्या. मग तीन महिने कामावर घेऊन बघायचं ठरलं.

त्या संध्याकाळी गेणबा जिना चढून वर आले. “पंत, माजी सून या खोक्यात कोंडली व्हती व्हय?” पंतांनी खुर्ची पुढे केली, गेणबा बसले नाहीत. “न्हाई म्हनायचं व्हतं वो. आमास्नी न्हाई आयकायची सवय हाय. ह्ये नंतर-नंतर लई वंगाळ.” एवढंच बोलून गेणबा उतरले. दुसऱ्या दिवशी अकराला चहा आला, पण तो गेणबा स्वतः घेऊन आले.

ट्रेनिंगचा शेवटचा आठवडा जुईलीनं माझ्यावर घालवला. शुभांगीखेरीज चाळीस जण उरले होते. तिनं चाळीस पोस्टकार्डं लिहिली, ‘तुमचा अर्ज आम्ही कुठेही पाठवला नाही. कारण तुमचा पत्ता, तुमच्यातली उणीव नव्हे. इतके दिवस सांगितलं नाही, त्याबद्दल माफ करा. यापुढे पाठवून बघू, नाही आलं तर तसं कळवू.’ खाली चाळीस वेळा पंतांनी सही केली. त्यानंतर एकेचाळिसावी सही तिच्या दाखल्यावर. माझं पोट रिकामं झालं. त्यांतल्या सात जणांना नंतर कामं लागली, बाकीच्यांना नाही लागली. पण त्यांना तसं कळवलं गेलं.

२००९ मध्ये पंतांचं ऑफिस बंद झालं. सगळे अर्ज संगणकावरून जायला लागले, आम्हाला कोण विचारतो? बहिणी रद्दीत गेल्या. मला शुभांगीनं मागून घेतलं आणि आपले तिन्ही अर्ज पुन्हा माझ्यात ठेवले.

आता २०१० चालू आहे. सकाळी गाड्यांची रांग वाकडपासून हलत नाही. पुण्याहून निघालेली माणसं दीड-दीड तास अडकून पडतात, आणि शुभांगी अजूनही जिथं आहे त्या कंपनीत भरती करताना परवा म्हणे उषा मॅडम म्हणाल्या, “जवळचं कुणी असेल तर बघा.” हे सांगताना शुभांगी इतकी हसली, की गेणबा ओसरीवरून विचारत आले, काय झालं म्हणून.

माझं आता फार मागणं नाही. तुमच्या घरात, ऑफिसात माझ्या नावाची एखादी बहीण असेलच. तिचं झाकण एकदा उघडा. देता येत असेल तर द्या. नसेल तर त्या माणसाला नाही म्हणून सांगा, म्हणजे तो आरशापुढे आपली खोट शोधत बसणार नाही.

माझ्यात आता तीनच कागद आहेत. लाल रेघ फिकी पडलीय. बांधही राहिला नाही, त्याच्या जागी दोन इमारतींमधला बोळ झालाय. आत्ताच खाली चपला वाजल्या. निघाली ती. पंचवीस मिनिटांत पोचेल.