सायकलची टिकटिक

मोताळ्याच्या बाजारात, भर दुपारी, मिरच्यांच्या ढिगासमोर मी सायकलवरून पडले तेव्हा कुणी हसलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. हसले असते तर चार शब्द सुनावता आले असते. सगळे आपले "लागलं का बाई" म्हणत गोळा झाले. त्या गर्दीत आमच्या पंचायत समितीचे साहेबही होते.

मी ग्रामसेविका. सहा गावांच्या बालवाड्या आणि महिला मंडळं माझ्याकडे. एसटी त्यातल्या एकाच गावाला जायची, बाकी सगळा बैलगाडीचा रस्ता. सायकल होती म्हणून माझी नोकरी होती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून अगदी सौम्यपणे सांगितलं, "बाई, पंधरा दिवसांत तुम्ही तिसऱ्यांदा पडलात. सोमवारी रोहिणखेडला तपासणी आहे. मी जीपनं येतो, तुम्ही सायकलवर दहाला पोचा. पोचलात तर गावं तुमची. नाही तर कचेरीत टेबल देतो, बसून काम करा." टेबल म्हणजे आवक-जावकचं रजिस्टर. मला त्या रजिस्टरकडे नुसतं बघून जांभई येते.

दुखणं असं होतं की पायडल मारता मारता पाय एकदम रिकामा पडायचा. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा, तसं व्हायचं. मी मोतीरामला सांगितलं होतं, चैन सरकते. स्टँडजवळच्या लिंबाखाली त्याचं सायकलचं दुकान. मोतीराम हा सायकलीपेक्षा माणसाचं ऐकणारा मेकॅनिक. चैन म्हटलं की चैन. त्यानं आधी एक कडी काढली, मग मागचं चाक ओढून चैन ताणली, शेवटी खामगावहून नवी कोरी चैन आणून बसवली. मिरच्यांसमोर मी पडले ती या नव्या चैनीवरूनच.

साहेबांकडून निघाले ती तडक लिंबाखाली गेले. म्हटलं, "मोतीरामभाऊ, आज चैनीचं नाव काढायचं नाही."

"मंग काय पाहू, सिंधूताई?"

"सायकल पाहा."

त्यानं मुकाट्यानं सायकल उलटी केली. मला मागचं चाक घट्ट धरायला लावलं आणि स्वतः हातानं पायडल दाबलं. चैन एकाही दातावरून हलली नाही. मागची दातांची चकती मात्र चैनीसकट फिरली, आणि चाक माझ्या हातात जागच्या जागी. मोतीराम त्या चकतीकडे बघतच राहिला. मग त्यानं पायडल उलटं फिरवलं आणि कान जवळ नेला.

"ताई, हिचा आवाज कुठी गेला?"

आवाज. पायडल थांबवलं की मागच्या चाकातून येते ती टिकटिक. ती कित्येक दिवसांत ऐकली नाही हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

घरी आम्ही दोघीच. माझे यजमान खामगावला तेलाच्या मिलमध्ये, रविवारी येतात. सासूबाई, म्हणजे भीमाबाई, पहिल्या दिवसापासून सायकलच्या विरोधात. सून चाकावर बसून गावोगाव हिंडते हे त्यांनी सगळ्या आळीला ऐकवलं होतं. तरी संध्याकाळी मी उतारावरून टिकटिक करत आले की चुलीवर चहाचं आधण असायचं, हे मान्य केलं पाहिजे. गेले तीन आठवडे तेही बंद होतं. मी यायच्या वेळी त्या दारात तोंड पाडून बसलेल्या दिसायच्या. मी समजले, राग आता चहावर निघाला. मग मीही बोलणं कमी केलं. मला रुसायला फार वेळ लागत नाही.

तिकडे लिंबाखाली मोतीरामनं ती चकती उघडली. आत चिकट, लालसर राप जमला होता. त्यानं बोटावर घेऊन वास घेतला. "जवसाचं तेल. अन् हे कुंकू. कोनं टाकलं हो? जवसाचं तेल वाळलं का डिंक होते. चाकाले पकडनारे खटके, आमचे कुत्ते, हायेत न आत, ते चिपकून बसले. पाय मारला का कवा पकडतात, कवा नाई. चैन बिचारीचा काई गुन्हा नोयता."

त्यानं सगळं घासलेटमध्ये दोनदा धुतलं, मशीनचं तेल दिलं, जोडलं. चाक फिरवलं तर टिकटिक लख्ख वाजली.

मी मात्र भडकले होते. जवसाचं तेल आमच्याच घरात, कुंकूही आमच्याच घरातलं. मला घरी बसवायला म्हातारीनं बरी युक्ती काढली, असं मनात पक्कं झालं. काय काय बोलायचं ते मी रस्ताभर जुळवत आले. सायकल हातात धरून चालत आले, कारण रागात मला तोल सांभाळता येत नाही. घरी पोचले तेव्हा सासूबाई पाण्याला गेल्या होत्या. त्या आल्यावर मात्र मी बोलले नाही. म्हटलं, रंगेहाथ पकडू.

शनिवारी सकाळी सासूबाई मारुतीला तेल घालून परत आल्या. वाटीत तेल उरलं होतं. त्या थेट सायकलपाशी गेल्या, गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या, मागच्या चाकाच्या मधोमध कुंकू लावलं आणि वाटी कलती करत पुटपुटल्या, "मारुतीराया, पोरगी दिवसभर एकटी हिंडते. हिले पाडू नोको बापा."

मी दाराआड उभी होते. तेल पडायला आलं होतं आणि सोमवार परवावर होता. मी धावत जाऊन वाटी धरली.

"पुरे, आई."

"काऊन वं? पोळ्याले चिखलात पडली तवापासून दर शनिवारी घालतो मी. परवा बाजारात पडली, म्हनून आज दुप्पट आनलं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. फार लाज वाटली. त्यांना खरं सांगायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, "हिला आता पुरलं, आई. तेल सगळं मारुतीला घाला. हिला नुसतं कुंकू."

"मंग कुंकू कुठी लावू?"

"हँडलला."

त्यांनी हँडलला लावलं, आणि बोटाला उरलेलं माझ्या कपाळाला पुसलं.

सोमवारी मी रोहिणखेडला पावणेदहाला पोचले. जीप वीस मिनिटांनी आली. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग सायकलकडे, आणि तपासणीला बसले. निघताना म्हणाले, "गावं ठेवा तुमच्याकडेच."

संध्याकाळी उतारावर मी पाय थांबवले. टिकटिक अंगणापर्यंत माझ्या पुढे गेली. दारात कुणी नव्हतं. आत चुलीवर चहा उकळत होता.

"आज कसा काय चहा?" मी विचारलं.

सासूबाईंनी मागे न वळता चहा गाळला. "आज आवाज आला न तुहा. इतके दिवस आवाजच येत नोयता. मले वाटे, पोरगी पडली कुठी. मंग मी दारातच बसून राहो, तू दिसेपतोर."