दसऱ्याचे तेल

शुक्रवार, दसऱ्याचा दुसरा दिवस. सकाळी आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी राजनोली नाक्याच्या अलीकडे पुढचा कंटेनर अचानक थांबला. संदेशने ब्रेक दाबला. माझे पुढचे चाक थांबले नाही.

मागचा ब्रेक लागला. मागचे चाक घसरत, फरफटत गेले. मी उभी राहिले तेव्हा माझा दिवा आणि कंटेनरची मागची लोखंडी पट्टी यांच्यात एका वितीचे अंतर होते. माझ्या हँडलला झेंडूचा हार होता. तो पट्टीवर आपटला आणि चार-पाच फुले रस्त्यावर पडली. मागच्या टेम्पोवाल्याने कडेने गाडी काढताना मान बाहेर काढली.

"अरे, सो रहा है क्या?"

 संदेशचे दोन्ही पाय जमिनीवर होते आणि उजवा गुडघा माझ्या टाकीवर थडथड आपटत होता. मी लोखंडाची आहे, मला गुडघे नाहीत. पण त्या वेळी मीही थरथरत होते, आणि इंजिन तर बंद पडले होते.

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. रंग काळा, वय सात वर्षे, मीटरवर एक्याण्णव हजार चारशे किलोमीटर. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी एका माणसाने मला फिरत्या रुळांवर उभे करून पळवले आणि एकदम ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले. त्याने कागदावर खूण केली आणि माझ्या टाकीवर थाप मारली. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. जोरात पळाले म्हणून मला कोणी थोपटले नव्हते, वेळेवर थांबले म्हणून थोपटले होते. हे मी अजून विसरलेले नाही.

संदेशने मला घेतले तेव्हा तो कल्याणातच नोकरीला होता. दोन वर्षे माझे काम सोपे होते. मग त्याला ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरी लागली आणि आमचा रोजचा रस्ता ठरला. कल्याणजवळच्या मोहन्याहून निघायचे, शहाडचा पूल, दुर्गाडीचा पूल, कोनगाव, राजनोली, माणकोली, खारेगाव, साकेतचा पूल, माजिवडा. जाऊन-येऊन साठ किलोमीटर. आठ वाजून पाच मिनिटांनी निघालो तर साडेनऊच्या आत पोहोचतो.

या रस्त्याची मला भीती वाटते. सवयीने भीती जाते असे म्हणणारे दुचाकीवर बसत नसावेत. अठरा चाकांचा ट्रेलर शेजारून जातो तेव्हा तो आधी वाऱ्याने बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे, हे त्यात पडल्यावरच कळते. दोन कंटेनरच्या मधल्या फटीत आम्ही वीस-पंचवीस दुचाक्या एकामागे एक शिरतो, आणि पुढचा थांबला की सगळ्यांना थांबावे लागते. तीन वर्षांपूर्वी माणकोलीजवळ रस्त्याच्या मधोमध एक डबा पाहिला. झाकण उघडे होते, पोळी-भाजी बाहेर आली होती. डबा कोणाचा होता ते कळले नाही. गर्दी पुढे सरकली, आम्हीही सरकलो. त्या दिवसापासून संदेश उजव्या हाताची दोन बोटे कायम पुढच्या ब्रेकवर ठेवतो.

ते दोन बोटांचे वजन म्हणजे माझा धीर होता.

मोहन्याला आम्ही चाळीत राहतो. मी दाराशीच उभी असते. घराची खिडकी माझ्या आरशाच्या उंचीवर आहे, त्यामुळे घरात काय चालले आहे ते मला ऐकू येते. घरात संदेश, त्याची बायको निशा आणि त्याचे वडील, दौलतअण्णा. अण्णांचे वय एकाहत्तर. ते इथल्याच रेयॉनच्या कारखान्यात सूत कातण्याच्या मशीनवर होते. कारखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली, पण त्यांची सकाळ अजून पहिल्या पाळीच्या वेळेलाच होते.

ठाण्याची नोकरी लागल्यावर संदेशला माझ्याकडे बघायला वेळ उरला नाही. माझी साखळी सैल पडली, आरसा तडकला, सीट फाटली. मला वाटले, आता गंज चढून एक दिवस भंगारात जायचे. तेव्हा अण्णा फडके घेऊन बाहेर आले. तेव्हापासून रोज सकाळी ते मला पुसतात. डोळ्यांना कमी दिसते म्हणून बोटांनी चाचपून पुसतात. सीटची फाटलेली जागा त्यांनी स्वतः शिवली. शेजारच्या शीलाकाकू त्यांना चिडवतात.

"अण्णा, एवढं तर लग्नात नवरीलाही कोणी पुसत नाही हो!"

"नवरीला साठ किलोमीटर जायचं नसतं," अण्णा म्हणतात.

मित्रांनो, माझ्यावर या माणसाइतकी माया कोणी केली नाही. म्हणून पुढचे सांगताना मला जड जाते.

कारखान्यात खंडेनवमीला मशीन बंद ठेवत. कामगार आपापली मशीन घासत, फडक्याने तेल देत, लखलखीत करत आणि मग हळद-कुंकू वाहत. ज्याच्या मशीनवर हात फिरवला तर बोट घसरेल, त्याचे साहेब कौतुक करीत. अण्णांनी हे तीस वर्षे केले. या दसऱ्याला त्यांनी तसेच केले. मला धुतले. टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. मग ते पुढच्या चाकाशी बसले.

माझ्या पुढच्या चाकाला पोलादाची चकती आहे. ब्रेक दाबला की दोन बाजूंचे दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबते. माझ्या साखळीला तेल लागते, केबलला लागते, स्टँडच्या स्प्रिंगलाही लागते. या एका चकतीला थेंबही चालत नाही. अण्णांच्या काळातल्या गाड्यांचे ब्रेक चाकाच्या पोटात बंद असत, हात लागत नसे. ही चकती उघडी असते. पावसाळ्यात तिच्या कडेला तांबूस गंज आला होता. अण्णांच्या बोटाला तो खरखरीत लागला.

त्यांनी निशाच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि चकती दोन्ही बाजूंनी घासली, चमकेपर्यंत. मला ओरडायचे होते. मला हॉर्न आहे, पण तो वाजवायला माणसाचा अंगठा लागतो.

चाकाखाली लिंबू चिरडले, नारळ फोडला, हार घातला. सुट्टी होती. तो दिवस मी उभीच होते आणि तेल सावकाश चकतीभर पसरत होते.

शुक्रवारी शहाडच्या पुलावरच संदेशला ब्रेक सैल लागला. काल धुतली, पाणी राहिले असेल, असे तो स्वतःशीच म्हणाला. पुढचे आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटांचे तुम्हाला माहीत आहे.

तिथून तो मागच्या ब्रेकवर, रस्त्याच्या डाव्या कडेने, सायकलच्या वेगाने ठाण्याला गेला आणि संध्याकाळी तसाच परत आला. येताना प्रत्येक लाल दिवा दिसला की मला माझ्या पुढच्या चाकाची लाज वाटत होती. घरी न जाता त्याने मला मोहन्यातल्या रतनच्या गॅरेजला उभे केले आणि सकाळचे सगळे सांगितले. रतनने चकतीवर बोट फिरवले आणि नाकाशी नेले.

"संदेशभाऊ, हे पाणी नाय. तेल आहे. शिलाई मशीनचं."

"उडालं असेल रे कुठून तरी."

"उडालं? मालिश केल्यासारखी चमकतेय. कोणी घातलं हे अभ्यंगस्नान? दिवाळी तर अजून लांब आहे."

संदेश हसला नाही. तो म्हणाला, "दसऱ्याला घरी पुसलेली."

रतनने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. तो अण्णांना ओळखत होता. आवाज खाली आणून म्हणाला, "सांगून टाक बाबा त्यांना. साखळीला घाला म्हणावं, पाहिजे तर माझ्या टकलाला घाला. हिला नको. एकदा वाचलास. रोज समोरचा कंटेनर एक वीत सोडणार नाय."

त्याने पॅड बदलले, चकती काचकागदाने घासून, धुऊन कोरडी केली. गल्लीत एक चक्कर मारून ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले. रतनने टाकीवर थाप मारली. सात वर्षांनी मला पुन्हा तशी थाप मिळाली.

घरी अण्णा दारातच उभे होते. "उशीर का रं?"

संदेशने हेल्मेट काढले. त्याने अण्णांकडे पाहिले. गेल्या वर्षी चहा करताना अण्णांकडून गॅसचे बटण अर्धवट उघडे राहिले होते. संदेश तेव्हा ओरडला होता. त्या दिवसापासून अण्णांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलेले नाही. आता त्यांच्याकडे एकच काम उरले आहे. ते काम म्हणजे मी.

"काही नाही अण्णा," संदेश म्हणाला. "ब्रेकचे पॅड झिजलेले. बदलून आणले."

"झिजले? एवढ्यात?"

"रोज साठ किलोमीटर पळते. झिजणारच."

तो आत गेला. अण्णा माझ्याजवळ उभे राहिले. पुढच्या चाकाकडे बघत ते हळूच म्हणाले, "कोरडं चालत आसंल."

मशीनवर तीस वर्षे काढलेल्या माणसाला झिजणाऱ्या वस्तूवर एकच उपाय माहीत असतो. राजनोलीला मी जितकी घाबरले होते, त्याहून जास्त मी आमच्या दारात घाबरले.

शनिवारी संदेशने निशाला खरे सांगितले. दोघे माझ्याजवळच उभे होते, अण्णा देवळात गेले होते.

"अहो, मग सांगा ना त्यांना!" निशा म्हणाली. "सोमवारपासून मी पण बसणारे मागे." तिला ठाण्यात एका दवाखान्यात नोकरी लागली आहे. सोमवार तिचा पहिला दिवस.

"सांगतो गं. उद्या निवांत सांगतो."

"मी सांगू?"

"तू नको. सुनेने सांगितलं तर त्यांना जास्त लागेल."

"लागेल तर लागेल. जेवणार नाहीत एक दिवस. आपण मेलो तर रोज जेवतील का?"

"काहीही बोलतेस सकाळी सकाळी," संदेश म्हणाला आणि किक मारली. मला बटण असतानाही त्याने किक मारली.

शनिवारी ब्रेक नीट लागला. अण्णांनी त्या दिवशी आणि रविवारी मला कोरड्या फडक्याने पुसले. रविवारी दुपारी पाहुणे आले. त्यांच्यासमोर कसे सांगायचे, म्हणून संदेशने सांगितले नाही. पाहुणे गेल्यावर अण्णा लवंडले होते. त्यांना उठवून कसे सांगायचे, म्हणून तेव्हाही सांगितले नाही. संध्याकाळी अण्णा खुशीत होते. माझ्या मागच्या सीटवर तळहात दाबून ते शीलाकाकूंना म्हणाले, "उद्या सून बसणार. गाडी कशी पाहिजे? लोण्यासारखी!"

संदेश खिडकीतच होता. त्याने ते ऐकले, आणि तो हसला.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, पण तुमच्याही घरी एखादी सायकल किंवा मोटारसायकल असेल. तिला हार घालाल, कुंकू लावाल, तेव्हा तिला आनंदच होईल. पण तिच्या कोणत्या भागाला तेल हवे आणि कोणत्या भागाला कोरडे राहायचे असते, हे आधी कोणाला तरी विचारा. आणि ज्याला ते माहीत आहे त्याने ते सांगावे. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून थांबू नये. मला बोलता येत नाही, ही माझी अडचण आहे. ज्यांना बोलता येते ते का गप्प बसतात, हे मला सात वर्षांत कळलेले नाही.

आज सोमवार आहे. सकाळचे सात वाजून अडतीस मिनिटे झाली आहेत. अण्णा पुढच्या चाकाशी पाट टाकून बसले आहेत. चष्मा घरात राहिला आहे. उजव्या हातात चार घड्या घातलेले फडके आहे. डाव्या हातात निशाच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आहे.

खिडकीतून निशाचा आवाज येतो आहे. "अहो, अण्णांना सांगितलंत ना?"

"निघताना सांगतो," संदेश म्हणतो आहे. "डबा भरलास का?"

सात वाजून एकोणचाळीस मिनिटे. अण्णांनी बाटलीचे बूच काढले आहे. तेलाचे तीन थेंब फडक्यावर पडले आहेत. त्यांचे डावे बोट चकतीवर खरखरीत जागा शोधते आहे. फडके अजून लागलेले नाही.