इशेनाली-आकेंची शेवटची आंघोळ

वडीलधाऱ्या इशेनाली-आकेंच्या फाटकातूनच तुरुसबेकने हंबरडा फोडला. "माझे बाप हो! गेले हो माझे बाप!" शोकाला येणाऱ्या पुरुषाने ओरडत यायचं ही रीतच आहे; पण ह्याचा आवाज तिसऱ्या गल्लीत गेला. जायलाच हवा होता.

बिश्केकच्या बाजारात तो पडद्यांचं कापड विकायचा. कुणाचा वाढदिवस कधी, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची सून कुठली, सगळं त्याच्या वहीत. तीन वर्षं दर शुक्रवारी तो आकेंकडे चहाला गेला, त्यांच्या त्याच त्याच गोष्टींना पोट धरून हसला. आकेंच्या एका शब्दावर ताश्कंदचा शुहरत आपल्या गिरणीचं कापड ह्याला देणार होता. नाही दिलं, तर वसंतातच दुकानाला कुलूप. "सांगेन रे, घाई कसली?" म्हणत म्हणत आके गेले.

रीतीप्रमाणे काठीवर वाकून, पुरुषांच्या रांगेत तो रडत उभा होता. तोच झूराकान-अपा, आकेंची बायको, मयत ठेवलेल्या लोकरी नमद्याच्या तंबूतून बाहेर आली.

"तुरुसबेक, पोरा, त्यांना आंघोळ कुणी घालायची ती पाच नावं ते सांगून गेलेत. पाचवं तुझं."

त्याने फाटकाकडे पाहिलं. शुहरतचं विमान उतरलं होतं. गडी येणार, माती देणार आणि संध्याकाळी परत जाणार.

"अपा, कंबर धरलीय हो. वाकवतच नाही."

अपाने त्याच्याकडे, मग त्याच्या हातातल्या काठीकडे पाहिलं. "बरं. नको वाकूस." आणि चहाच्या समोवारसाठी लाकडं फोडणाऱ्या सतारला, बाजारातल्या हातगाडीवाल्याला, तिने हाक मारली. कुऱ्हाड टाकून तो डोळे पुसत आत गेला.

थोड्या वेळाने शुहरत आला. त्याला फक्त फोटोत पाहिलेलं, तरी तुरुसबेकने मिठीच मारली. "कसा झाला प्रवास? मुलीचा दमा कसा आहे आता?"

"मुलीचं राहू द्या हो. आंघोळ कोण घालतंय?"

"चौघं भाऊबंद. आणि एक हातगाडीवाला."

शुहरतच्या कपाळाला आठी पडली. "असं कसं? परवाच आकेंचा फोन होता. म्हणाले, 'बिश्केकचं काम कुणाला द्यायचं ते मी गेल्यावर कळेल. मला आंघोळ घालणारे चौघं माझे भाऊबंद असतील, पाचवा कापडवाला. माझ्या पोटच्या पोरासारखा आहे, डोळे मिटून दे त्याला.' कुठाय तो?"

तुरुसबेक पुढे सरकला. "मीच तो."

शुहरतने त्याच्या हातांकडे पाहिलं. हात कोरडे होते.

"तुम्ही तर बाहेर आहात," तो म्हणाला आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

माती झाली. शुहरत गेला. आंघोळ घालणाऱ्यांना मयताचे कपडे देतात, तसा आकेंचा राखाडी कोट सतारला मिळाला. बाह्या त्याला लांब होत होत्या. दर शुक्रवारी दार उघडायला आके तोच कोट घालून यायचे. पोटच्या पोरासारखा! तुरुसबेकला तिकडे बघवेना.

फाटकात नवे लोक ओरडत आले. रांगेने उत्तरादाखल रडायला सुरुवात केली. तुरुसबेकनेही तोंड उघडलं, "माझे बाप..." आणि ह्या वेळी आवाज फाटला, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. थांबेचना.

शेजारच्या म्हाताऱ्या तोकोन-आकेंनी त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "पुरे आता, पोरा. ज्याला ऐकवायचं होतं, तो गेला."