एकदाच विचारलेलं पारितोषिक

आमच्या डिम्पनाला मिळालेलं पारितोषिक तिच्या भिडस्तपणामुळे गेलं. भिडस्तपणा हा आयर्लंडच्या सीमेवरच्या आमच्या मोनहन परगण्यातला जुना रोग, आणि डिम्पनाला तो लहानपणापासूनच जडलेला. मी तिची धाकटी बहीण ऊना. मला तो झालाच नाही, म्हणून घरात मला उद्धट समजतात.

आमच्या घरामागे कोंबड्यांचं खुराडं आहे, खुराड्यामागे दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडे कायद्यानं ब्रिटनचं राज्य सुरू होतं. कोंबड्यांना हे कधीच पटलं नाही. पलीकडे वेस्ली ऑर राहतो. आम्ही कॅथलिक, तो प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट; राणीचा फोटो बैठकीत लावतो, मधमाश्या पाळतो. आम्ही भिंतीवर अंडी ठेवायची, त्यानं ती उचलून मधाची बरणी ठेवायची, हा व्यवहार आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. बंडखोरांनी सीमा ओलांडू नये म्हणून आमच्या दोन घरांना जोडणारा रस्ता ब्रिटिश लष्कर स्फोटानं उडवून द्यायचं. मग रविवारी प्रार्थना आटोपून आम्ही इकडून फावडी घेऊन जायचो, वेस्ली तिकडून ट्रॅक्टर आणायचा, आणि संध्याकाळपर्यंत खड्डा बुजलेला असायचा. लष्कर पुन्हा उडवायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं. डिम्पना शाळेत मास्तरीण होती. निवृत्त झाल्यावर तिनं या खड्ड्यावर पुस्तक लिहिलं. सगळं पुस्तक एका खड्ड्यावर, आणि तरी मी ते एका बैठकीत वाचलं. बहिणीबद्दल याहून जास्त चांगलं मी बोलणार नाही.

ते पुस्तक ह्यू वेदरॉल स्मृती पारितोषिकासाठी गेलं. ह्यू वेदरॉल हा इंग्रज माणूस आमच्या तळ्यांवरचे हंस मोजायला यायचा. रस्त्यात बंडखोरांनी बॉम्ब लष्कराच्या गाडीसाठी पुरला होता, आणि त्यावर जाऊन मेला हा. त्याच्या बायकोनं त्याच्या नावानं हे पारितोषिक ठेवलं. आयरिश आणि ब्रिटिश लोकांत शांतता आणि सामंजस्य वाढवणाऱ्या पुस्तकाला ते देतात. डिम्पनाला ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्याचं नावही ती घरात काढत नसे. ठेवणीतल्या निळ्या पोशाखाला मात्र तिनं दोनदा इस्त्री केली.

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, त्यामुळे मला एकीकडचंच बोलणं ऐकू आलं.

"छे छे, अहो, मी कसली?" डिम्पना म्हणाली. "माझ्यापेक्षा कितीतरी चांगली पुस्तकं असतील की तुमच्याकडे." मग थोडं थांबून, "नाही नाही, खरंच नको. मला नाही घेता येणार."

मी बाहेर आले तर ती रिसीव्हरकडे बघत उभी होती.

"कोण होतं?"

"मिस पेनरोज. पारितोषिकाच्या सचिव. मलाच द्यायचं ठरलंय म्हणाल्या."

"मग?"

"मग म्हणाल्या, तुमच्या निर्णयाचा आम्ही पूर्ण आदर करतो. आणि ठेवला फोन."

मी कपाळावर हात मारला. सरळ हो म्हणायला काय झालं होतं, असं विचारलं, तर म्हणते, पहिल्याच विचारण्याला हो म्हटलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, टपूनच बसली होती म्हणून. होतीसच, मी म्हणाले. तिनं चहाचं आधण ठेवलं. आमच्या घरात उत्तर नसलं की आधण ठेवतात.

आता इथं कुणालाही विचारा, पहिला नकार हा नकार नसतोच, ते नुसतं खाकरणं असतं. दुसरा नकार म्हणजे माणूस विचार करतोय. तिसऱ्यांदा आग्रह झाला की, बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर, असं म्हणून तो बशी पुढे करतो. पाद्रीबाबासुद्धा केकचा शेवटचा तुकडा असाच खातात. इंग्रजांत मात्र एकदा नको म्हटलं की संपलं, पुन्हा विचारणं म्हणजे आगाऊपणा. मिस पेनरोजनं अगदी सभ्य बाईसारखा फोन ठेवला. दोन्ही बाजूंनी इतका चांगुलपणा झाला की पारितोषिक मधल्यामध्ये खाली पडलं.

डिम्पना दुसऱ्या फोनची वाट बघत बसली. गाय अडली होती तरी मला गुरांच्या डॉक्टरला फोन करू देईना, लाइन गुंतेल म्हणून. शेवटी मी सायकल काढली. आठवड्यानं पेपरात आलं की पारितोषिक डब्लिनच्या एका प्राध्यापकांना मिळालं आहे. त्यांनी म्हणे मिस पेनरोजचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच हो म्हटलं होतं.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. आमच्या इथल्या साप्ताहिकाच्या बातमीदारानं चौकशी केली, आणि मिस पेनरोजनं खरं ते सांगितलं: आमची पहिली पसंती मिस डिम्पना मॅकएन्टींना होती, त्यांनी नकार दिला. झालं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत, 'मोनहनच्या लेखिकेनं ब्रिटिश पारितोषिक नाकारलं.'

पॅकी ट्रेनॉरच्या पबमध्ये त्या संध्याकाळी डिम्पनाच्या नावानं ग्लास उंचावले गेले. पॅकी हा घरबसल्या लढणारा देशभक्त. दुसऱ्या दिवशी तो स्वतः व्हिस्कीची बाटली घेऊन आमच्या दारात आला.

"शाबास, डिम्पना. त्यांच्या तोंडावर फेकलंस."

"पुस्तक वाचलंस का, पॅकी?" तिनं विचारलं.

"वाचायची काय गरज? तू नाकारलंस त्यातच सगळं आलं."

ज्या पुस्तकात वेस्लीच्या ट्रॅक्टरवर एक आख्खं प्रकरण आहे, त्या पुस्तकाची बाई आता पॅकीच्या गोटात जाऊन बसली. डिम्पनानं बाटली घेतली, कारण पॅकीनं तीनदा आग्रह केला.

आणि भिंतीवरची अंडी तशीच राहिली. पहिल्या दिवशी वाटलं, वेस्ली बाजाराला गेला असेल. नंतर कावळ्यांनी ती फोडली. मधाची बरणी काही आली नाही. रस्त्यात वेस्ली भेटला तर टोपीला हात लावून पुढे गेला, जसा अनोळखी माणसाला लावतात.

तेव्हा मात्र डिम्पना रडली. पारितोषिक गेलं तेव्हा नव्हती रडली. जाऊन खरं सांग त्याला, मी म्हणाले.

"काय सांगू? मला ते हवं होतं म्हणून मी नको म्हणाले, असं? अशानं माणूस वेडा वाटतो, ऊना. नाहीतर हावरट." मग मीच आधण ठेवलं.

मिसेस वेदरॉल दरवर्षी नवरा जिथं गेला त्या जागेवर फुलं ठेवायला येतात. रस्त्यानं जाताना आम्ही मान लववायचो, त्या लववायच्या, एवढंच. त्या वर्षी त्यांनी आमचं दार वाजवलं. उंच, किडकिडीत बाई, पावसाळी कोट, आवाज इतका हळू की कान द्यावा लागे. दारातच म्हणाल्या की मिस मॅकएन्टींचा निर्णय त्यांना मान्यच आहे, पण पुस्तक वाचल्यापासून एकच गोष्ट सलते आहे, आमच्याकडून काही चुकलं का?

डिम्पना कानापर्यंत लाल झाली. आत या म्हणाली. त्या नको म्हणाल्या. तिनं त्यांचा कोट काढून घेतला. चहा नको म्हणाल्या, तो ओतला गेला. केक नको म्हणाल्या, तर लोण्याचा थर देऊन दोन तुकडे बशीत पडले. बिचारीनं ते कसेबसे संपवले, तोवर डिम्पना तिसरा घेऊन उभी.

"मिस मॅकएन्टी," त्या फार शांतपणे म्हणाल्या, "मी नको म्हणाले होते."

"हो, ऐकलं ना मी."

"मग?"

"मग काय? अजून दोनदा विचारायचं राहिलंय."

मिसेस वेदरॉलनी कप खाली ठेवला. माझ्यानं राहवेना. "हिनं पण फोनवर नको म्हटलं होतं," मी म्हणाले. "पुढचं विचारायचं तुमच्याकडून राहून गेलं."

"ऊना!" डिम्पना इतकी खेकसली की कोंबड्या दचकल्या.

मिसेस वेदरॉल खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, आता उठून जातील. पण त्या बोलू लागल्या. ह्यू गेला तेव्हा त्या इथल्या हॉटेलात उतरल्या होत्या. इथल्या बायका जेवण घेऊन आल्या. यांनी दारातूनच नको, आभारी आहे, म्हटलं. बायका गेल्या आणि पुन्हा आल्या. पुन्हा नको म्हटलं, पुन्हा आल्या.

"मला वाटलं, या बायकांना इंग्रजी कळत नाही," त्या म्हणाल्या. "शेवटी मी दार उघडलं. ह्यू गेल्यापासून पहिल्यांदा जेवले. हॅमची सँडविचेस होती. वाटलेली मोहरी इतकी होती की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेचना."

डिम्पनानं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. एवढी मोहरी घालणारी बाई सगळ्या परिसरात एकच होती.

"आमची आई," डिम्पना म्हणाली.

मग मिसेस वेदरॉलनी डोळे पुसले आणि कामाचं काढलं. प्राध्यापकांना दिलेलं आता परत घेता येत नाही. पण डब्लिनच्या समारंभात मिस मॅकएन्टींनी मिसेस वेदरॉलशेजारी बसावं, आणि हे सगळं कसं घडलं ते मिसेस वेदरॉलच उभं राहून सगळ्यांना सांगतील, पेपरवाल्यांनासुद्धा. येणार ना?

"छे, मी तिथे काय करू?" डिम्पना म्हणाली.

मी टेबलाखालून तिला लाथ मारली.

"मला फार बरं वाटेल," मिसेस वेदरॉल म्हणाल्या.

"नाही हो, कसं जमणार? कोंबड्यांना दाणे कोण घालणार?"

मिसेस वेदरॉल उठल्या. चहाबद्दल आभार मानले, कोट घातला आणि गाडी सुरू करून निघून गेल्या. मी खिडकीत उभी राहून गाडी वळणाआड जाताना पाहिली, आणि मग डिम्पनाला असं काही बोलले की ते इथे लिहिता येणार नाही. कोंबड्या! स्वतःहून देणाऱ्या बाईला कोंबड्यांनी हाकललं. डिम्पना बशा धुवत होती. तिनं एकच बशी पुन्हा पुन्हा धुतली.

अर्ध्या तासानं गाडी परत आली. आधी मिसेस वेदरॉल उतरल्या. मग दुसऱ्या दारातून, टोपी हातात घेऊन, वेस्ली ऑर. काखेत मधाची बरणी.

"ही बाई म्हणते तुमच्या कोंबड्या सांभाळ," तो दारातूनच म्हणाला. "मी सांगितलं, मला वेळ नाही. दोनदा सांगितलं. ऐकेचना."

"वेस्ली, पेपरात आलं ते..." डिम्पनाला पुढे बोलवेना.

"सांगितलं तिनं." त्यानं बरणी टेबलावर ठेवली. "मला सांगायचं होतंस की. मी विचारलं नाही, हे माझं चुकलं. आणि आज अंडी का नव्हती भिंतीवर?"

मिसेस वेदरॉल मात्र अजून उंबऱ्यातच उभ्या होत्या, शाळेत पाठ म्हणायला उभ्या केलेल्या मुलीसारख्या.

"मिस मॅकएन्टी," त्या म्हणाल्या, "मी तिसऱ्यांदा विचारतेय."

डिम्पनानं एप्रनला हात पुसले, केस मागे सारले. "बरं," ती म्हणाली, "आता तुम्ही एवढ्या परत आलातच आहात तर."

मग मिसेस वेदरॉल माझ्याकडे वळल्या. "आणि मिस ऊना, तुम्हीसुद्धा याल ना?"

"हो," मी म्हणाले.

वेस्लीनं टोपीकडे पाहिलं. डिम्पनानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चमचे चोरताना सापडले. डब्लिन येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.