चिमटीतला धागा

मार्गशीर्षातलं कोवळं, केशरकांती ऊन मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत उतरलं. ओट्यावर वाळणाऱ्या भोपळ्यांच्या गोल पाठींवर सांडत सांडत ते दिलावरचाचांच्या दुकानात शिरलं. चाळीस वर्षं तंबोरे घडवणारे चाचांचे हात! आता बोटं सुजलेली, ताठलेली. कोपरांवर रुपेरी खपल्या.

तंबोऱ्याचा प्राण जवारीत, तारेच्या घुमाऱ्यात. तारा पेलणारी हाडाची घोडी कानशीनं केसभर घासायची, तारेखालचा रेशमी धागा चिमटीत धरून सरकवायचा, सरकवायचा. नेमक्या जागी सूर आपसूक उमलतो. तो धागाच चिमटीत ठरेना. पण कारागीर कबूल करील तर शपथ! नाचता येईना, अंगण वाकडं. घोडीच खोटी म्हणाले, घासली, पुन्हा घासली. तीन घोड्या मातीत घातल्या बहाद्दरानं.

सोरायसिसचा संधिवात, डॉक्टरबाईंनी निदान केलं. दर सोमवारची गोळी वर्षभर झाली. कातडी निवळली, बोटं नाही. आता बाईंनी दोन वाटा दाखवल्या: गोळीच चालू ठेवायची, नाहीतर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन. इंजेक्शनानं अंगाची प्रतिकारशक्ती उणावते. आधी क्षयाची तपासणी, पुढे साध्या तापालाही जपायचं. जुबेदाचाची धास्तावल्या. चाचांनी मान उडवली, "बघू, उन्हाळा जाऊ द्या."

बाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "चाचा, हे टोक पाहा. सूज उतरेल, पण झिजलेलं हाड भरून येत नाही."

हे चाचांना कुणी सांगायला हवं होतं का? जास्त घासलेली घोडी कुठल्या उस्तादानं भरून दिलीय आजवर? बोटं गेली तर दिलावर उरतो कुठला!

"थांबायचं नाही बाई," ते म्हणाले. "सुईच द्या."

तपासण्या निर्मळ आल्या. पौष सरला, माघ सरला. सकाळचा ताठरपणा तासावरून घटकेवर आला, घटकेवरून पळांवर. आणि फाल्गुनातल्या एका पळसरंगी सकाळी धागा चिमटीत ठरला. सरकला, थांबला. तार छेडली, आणि षड्ज उघडला. गहिरा, गोलाकार, घरभर.

आत भाकरी भाजणाऱ्या चाचींचा हात थबकला. "या अल्ला, लागला की सूर!" म्हणत त्या पीठभरल्या हातांनीच उंबऱ्याशी येऊन बसल्या. चाचांचे डोळे भरले होते, बोटं फिरत होती.

सूर घुमत राहिला, घुमत राहिला. तव्यावरची भाकरी करपली, करपू दिली.