मागचा डावा दिवा

नाथाच्या गाडीचा मागचा डावा दिवा गेला, आणि नाथाने ठरवून टाकलं की प्रणित खोटारडा आहे.

आता दिवा कुठे आणि पोरगा कुठे! पण नाथाचं डोकं एकदा फिरलं की फिरलं. ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यात त्याचं घर, जन्म गेला होडीची इंजिनं उघडण्यात. बंद पडलेली वस्तू कुणीतरी बिघडवलेली असते, अशी त्याची पक्की समजूत. या खेपेला तर माणूसही हाताशी होता. प्रणित डोंबिवलीचा, मासळी न खाणाऱ्या घरातला, नाथाच्या लेकीने, समिधाने स्वतः निवडलेला. गेल्या आठवड्यात आईला डोळ्याच्या ऑपरेशनला कल्याणला न्यायचं म्हणून त्याने गाडी मागितली, नाथाने दिली. आज संध्याकाळी तीच आई समिधाला मागणी घालायला येणार होती.

"त्याने गाडी न्यायच्या आदल्या दिवशी मी स्वतः कल्याणला ताईकडे गेलेलो, जिताड्याचा वाटा द्यायला," नाथा बायकोला, सरस्वतीला पुन्हा पुन्हा सांगत होता. होडी पहिल्यांदा भरून आली की लग्न झालेल्या बहिणीला मासळीचा वाटा पोचवायचा, ही त्यांच्या घरची रीत. "तेव्हा दिवा ठणठणीत होता. मग हा गाडी घेऊन गेला, नि आता दिवा नाही. ठोकली असणार कुठेतरी!"

"ओरखडा तरी दाखवा," सरस्वती म्हणाली.

"तीच तर गंमत! ओरखडा नाही आणि डिकी धुतलेली. फिनेलचा वास मारत होता नुसता. लपवायचं असल्याशिवाय दुसऱ्याची गाडी कोण धुतं गं? मी विचारलं, काय रे, कुठे काही झालं का? तर म्हणतो, नाही काका. तेही खाली बघून!"

समिधा आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली आणि तिने गाडीची चावी उचलली.

"चला बाबा, उघडा दिवा. ठोकल्याचं सापडलं तर मीच त्याला सांगते, येऊ नको म्हणून."

"सापडेल," नाथा म्हणाला.

ब्रेक दाबायला माणूस लागतोच. समिधा ड्रायव्हरच्या सीटवर बसली, नाथा पाना-पक्कड घेऊन डिकीत घुसला.

"दाब."

उजवा लागला. डावा ढिम्म.

त्याने डावीकडचा बल्ब काढला. आतली तार शाबूत. तोच उजवीकडे लावला तर झक्क पेटला. उजवीकडचा डावीकडे आणला, तर पुन्हा अंधार. फ्यूज चांगला, काचेला तडा नाही, बंपरखाली हात घालून चाचपलं तर पोचा नाही. दुसरा कुणी असता तर इथेच वरमला असता. नाथाचा संशय उलट वाढला. एवढी सफाई! नक्की गॅरेजमध्ये नेऊन मागचं सगळं बदलून आणलंय आणि वायर जोडायची राहिली.

"सापडलं?" समिधाने विचारलं.

"थांब जरा. पोरगा भारी पोचलेला आहे."

आरशात तिचे डोळे दिसत होते, नाथाने तिकडे बघायचं टाळलं. पोरीचं वाटोळं होऊ नये एवढंच त्याला हवं होतं, देवाशपथ!

मग त्याने वायरचा एक तुकडा घेतला. एक टोक होल्डरच्या काळ्या वायरीला जोडलं, दुसरं उघड्या पत्र्याला टेकवलं. "दाब!" डावा दिवा भक्कन लागला. म्हणजे करंट येत होता, पत्र्याला जोडणारं अर्थिंग गेलं होतं. अर्थिंगचा नट डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी. नाथाने वरचं आवरण खसकन ओढलं.

नटावर पांढरा-हिरवा खार फुलला होता. खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या वायरी बदलण्यातच तर त्याची हयात गेलेली. पण गाडीत खारं पाणी? पोराने गाडी समुद्रात घातली की काय! त्याने पान्याने नट सोडवला. नटाच्या बुडाशी चिकटलेलं एक मोठं चंदेरी खवल निघालं.

जिताड्याचं.

ताईकडे मासळी नेलेला थर्माकोलचा डबा! मासळी जास्त गार राहावी म्हणून त्याने स्वतः बर्फात मिठाच्या मुठी टाकल्या होत्या. ताईच्या दारात डबा उचलताना हलका लागला, तेव्हा पाणी गेलं कुठे हे त्याने बघितलंच नाही. नाथाने हात पुसले. मग त्याने प्रणितला फोन लावला.

"काय रे, डिकी का धुतलीस?"

"अं... काका, जरा पाणी सांडलेलं."

"कसलं?"

"माझ्याच बाटलीतलं. सॉरी, तेव्हा सांगायला पाहिजे होतं."

"आणि आईला वास आला नाही?"

"कसला वास, काका?"

नाथाने फोन बंद केला.

"काय म्हणाला?" समिधाचा आवाज घाबरा झाला होता.

"खोटं बोलला," नाथा म्हणाला. "मासळीचं पाणी माझ्या डब्यातलं, चूक माझी, नि स्वतःच्या अंगावर घेतली येड्याने. येऊ दे त्याच्या आईला. आणि तुझ्या आईला सांग, आज घरात मासळी शिजवू नको."

समिधाने घाईने दार उघडलं.

"उतरू नको गं बाय, बस तिथेच! ब्रेक दाबून धर. मी नीट बघतो."

तिने दाबून धरला. डिकीत तोंड लपवून नाथा बाहीने डोळे पुसत राहिला. नट अजून त्याच्या मुठीतच होता.